बट माझा, खांदा बाळारामचा

किस्से जमवायला मी कधी गेलो नाही. ते आपोआप साठतात. चहाच्या वेळी सेक्शनमध्ये कोणीतरी म्हणतं, "सर, तो नाकाचा सांगा ना!" आणि मी सांगतो. पंधरा वर्षांत इतके साठलेत की नवीन माणूस जॉइन झाला की कामाआधी त्याला किस्सेच ऐकवले जातात.

इतर लोकांच्या किश्शात पडतं कोणी दुसरं आणि सांगणारा हसतो. माझ्या किश्शात पडणारा बहुतेक मीच असतो. त्यामुळे सगळ्यांना आवडतात. पण दोन-तीन वेळा असं झालं की पडलो मी आणि लागलं दुसऱ्याला. ते मी चहाच्या वेळी सांगत नाही. त्यात एका माणसाची रेंजवरची जागा गेलेली आहे, आणि ती परत मिळणं माझ्याच हातात असूनही अजून मिळालेली नाही. आज सगळेच सांगून टाकतो.

आधी माझं काम सांगायला हवं. अंबरनाथच्या एमआयडीसीत एक कंपनी आहे, तिथे मी रायफलचे बट डिझाइन करतो. बट म्हणजे बंदुकीचा मागचा भाग, जो खांद्याला टेकतो. गोळी पुढे जाते, तितक्याच रागाने बंदूक मागे येते, आणि तो राग माणसाच्या खांद्यात कसा शिरेल ते बटाच्या आकारावर ठरतं. लांबी, वजन, उतार, मागचं रबर. यातलं एक जरी चुकलं तरी बंदूक लाथ मारते.

लाथ खाण्याचं काम आमच्याकडे बाळारामचं. तो चामटोलीचा, आगरी, वय त्रेपन्न. तीस वर्षं टेस्ट फायरर. आम्ही नमुना बनवायचा, त्याने तो खांद्याला लावून टनेलमध्ये, म्हणजे आमच्या बंदिस्त फायरिंग रेंजवर, शंभर-शंभर गोळ्या झाडायच्या आणि बाहेर येऊन सांगायचं. लेखी काही नाही. तो फक्त बट टेबलावर ठेवायचा. हळू ठेवला तर ठीक, आपटला तर नापास!

*

आता नाकाचा.

खंडेनवमीला आमच्याकडे टनेलच्या दारात हत्यारांची पूजा होते. झेंडूच्या माळा, नारळ, साखरफुटाणे. त्या वर्षी जीएमसाहेब नवीन आले होते. पूजा झाल्यावर ते उत्साहाने म्हणाले, "चौबळ, बट तुमचा आहे, पहिली गोळी तुम्हीच झाडा!"

सेक्शनमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि जीएमना ठाऊक नव्हतं की अकरा वर्षं बट काढणाऱ्या या माणसाने आयुष्यात एकही गोळी झाडलेली नव्हती. कधी गरजच पडली नाही. बाळाराम होता ना!

नाही कसं म्हणायचं? मी बाळारामने दाखवलं तसा उभा राहिलो, पण मान पुढे काढली. धाड! माझाच अंगठा माझ्याच नाकावर बसला. चष्मा गेला नारळाच्या ताटात.

बाळारामने चष्मा ताटातून काढून धोतराने, पूजेच्या दिवशी तो धोतर नेसतो, पुसून दिला आणि म्हणाला, "चालायचाच साहेब. आपलाच पोर हाय, मारला तर मारला!"

घरी बायकोने नाक पाहिलं आणि विचारलं, "पूजेलाच गेला होतात ना?"

इथपर्यंत सगळे हसतात. पुढचं मी गाळतो. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या नाकाने मी कॉम्प्युटरवर बसलो आणि बटाची लांबी दीड सेंटिमीटरने वाढवली, म्हणजे नाक अंगठ्यापासून लांब राहील. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वापरणाऱ्याची सोय'. वापरणारा कोण? मी. किती वेळा? एकदा!

*

तो लांब बट ट्रायलला गेला. एका सुरक्षा दलाची तुकडी आली होती आणि तिच्यात चार महिला होत्या. त्यांतली एक पाच फुटांच्या आतबाहेर असेल. तिच्या खांद्याच्या खोबणीत तो बट बसेचना. घसरून दंडावर यायचा. तिने तशाच दहा गोळ्या झाडल्या, दातओठ खाऊन. अकरावीला थांबली आणि बाही वर करून दंड दाखवला. दंडावर वांग्याच्या रंगाचा डाग.

मी काय बोलावं? मी म्हणालो, "मॅडम, हात जरा लांब करून धरा."

तिने बाही खाली केली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "सर, हात आईबापांनी दिलेत. बट तुम्ही दिलाय."

तिच्यामागे उभा असलेला बाळाराम वळून भिंतीकडे तोंड करून हसला. मीही हसलो, कारण सगळे हसत होते. पण तो दंड अजून डोळ्यांपुढून जात नाही. माझ्या एका नाकासाठी तिचा दंड गेला होता आणि मी तिलाच शिकवायला निघालो होतो.

लांबी पूर्वीइतकी केली. कारणाच्या रकान्यात यावेळी काहीच लिहिलं नाही.

*

मध्ये एकदा लाकडाचा नमुना घाईने हवा होता. प्लास्टिकचा साचा बनायला दोन महिने, आणि आमच्याकडचा सुतार गणपतीला गावी गेलेला. मग मी उल्हासनगर कॅम्प एकला गेलो. तिथे गोपूशेठ म्हणून सिंधी फर्निचरवाले आहेत, आमच्या घरचा सोफा त्यांच्याकडचाच. त्यांच्यापुढे ड्रॉइंग पसरलं.

त्यांनी ते उलटंपालटं केलं आणि विचारलं, "किस के साइज का?"

"ड्रॉइंग के साइज का."

"अरे साईं, वो तो ठीक. लेकिन बैठेगा कौन?"

"शेठ, बसायचं नाहीये यावर. खांद्याला लावायचंय."

"वही तो! हम सोफा बनाते हैं तो पहले सेठानी को नाप के देखते हैं. तुम तो कागज को नाप के आया है!"

मी हसून सोडून दिलं. चार दिवसांनी बट आला. सागवान, वर चकाचक पॉलिश. आणि मागच्या टोकाला, जिथे आमचं साधं रबर असतं, तिथे गोपूशेठनी स्वतःच्या मनाने मरून रेक्झिनची गादी बसवली होती. सोफ्याला असतात तशी तीन बटणंही!

जीएम म्हणाले, "चौबळ, हे काय लग्नाचं आहे का?"

बाळारामने मात्र तो बट घेतला, शंभर गोळ्या झाडल्या आणि इतका हळू टेबलावर ठेवला की आवाजसुद्धा आला नाही. "साहेब, जिंदगीत पयल्यांदा खांद्याला कोनी बस म्हनला."

जाड मऊ गादी, रुंद टेकू, धक्का पसरून बसतो. इतकं साधं. पण सोफ्याच्या दुकानातून आलेली सुधारणा रिपोर्टमध्ये कशी लिहायची, याची मला लाज वाटली. गादी काढून टाकली. ती मरून गादी बाळाराम मागून घेऊन गेला, मी विचारलंही नाही कशाला.

*

वजनाचा किस्सा माझ्या मुलीला फार आवडतो.

वरून ऑर्डर आली, रायफल हलकी करा. आम्ही बट आतून पोकळ केला, कडा घासल्या, स्क्रूसुद्धा छोटे केले. पाव किलोहून जास्त वजन कमी झालं! जीएमनी पेढे मागवले. बदलापुरातल्या घरी मी एक बॉक्स आणला आणि जेवताना सांगितलं, "आज तुझ्या बाबांनी बंदूक हलकी केली."

ती नववीत होती. घास तोंडात घेऊनच म्हणाली, "म्हणजे आता जास्त जोरात मागे येत असेल ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

तिने विज्ञानाचं पुस्तक आणून माझ्या ताटाशेजारी उघडून ठेवलं. गतीचे नियम. बंदूक आणि गोळीचं सोडवलेलं उदाहरण. "बाबा, पहिलाच धडा आहे हो!"

दुसऱ्या दिवशी टनेलमधून बाळाराम बाहेर आला आणि त्याने बट आपटला. मग पेढ्याच्या बॉक्सकडे बघून म्हणाला, "एक द्या साहेब. मार खाल्ल्यावर गोर लागतो."

मी दोन दिले.

*

आता हसण्यासारखे संपले.

पुढचा नमुना मी मनापासून काढला होता. जुन्या शिकारी बंदुकीसारखा खाली उतरत जाणारा बट, सुंदर बाक. जीएमना फोटो दाखवला, ते म्हणाले, "क्लास!" तीन दिवसांनी रिव्ह्यू होता. त्याआधीचे दोन नमुने नापास झालेले, तिसराही गेला तर सेक्शन बंद करायच्या गोष्टी चालल्या होत्या.

बाळारामने शंभर गोळ्या झाडल्या. कागदावरची भोकं जेवणाच्या ताटाएवढी पसरलेली. त्याने बट आपटला नाही. खाली धरून उभा राहिला.

"साहेब, हिचा तोंड वर पलतंय. नली वर आनि खांदा खाली पडतो. कशी थांबेल?"

मग कोपऱ्यातला लांब दांड्याचा झाडू घेतला. आमच्या सेक्शनमध्ये स्नेहल म्हणून एक ज्युनिअर इंजिनिअर आहे, तिला म्हणाला, "ताई, पुढनं ढकल." दांडा खांद्याच्या सरळ रेषेत धरला, तिने ढकलला, तो सरळ मागे आला. मग मागचं टोक पोटाशी खाली धरलं, तिने तसाच ढकलला, आणि झाडू उडून ट्यूबलाइटला लागला!

स्नेहल म्हणाली, "सर, बरोबर आहे त्यांचं. मागचं टोक वर घ्यायला हवं, नळीच्या रेषेत."

मला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं, हे मी आज कबूल करतो. पण ड्रॉइंग पुन्हा काढायचं म्हणजे रिव्ह्यूत रिकाम्या हाताने जायचं. मी केबिनमध्ये गेलो आणि रिपोर्टमध्ये नेम पसरण्याच्या कारणापुढे लिहिलं, 'फायररचे वय व थकवा'.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगणच वाकडं होतं, मी काढलेलं, आणि मी नाचणाऱ्यालाच लंगडा ठरवला.

रिव्ह्यूत ते कारण चाललं, नव्या फायररकडून पुन्हा चाचणी घ्यायचं ठरलं आणि आठवड्यात बाळारामची बदली पॅकिंगला झाली. जाताना त्याने कानावर लावायचे मफ पुसून माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारलं, "साहेब, डोल्यांची टेस्ट करून घेऊ का?"

मी म्हणालो, "घे ना."

तो खरंच गेला, रजा टाकून. डॉक्टरचा दाखला आणला. दोन्ही डोळे उत्तम. मी तो घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

*

त्याच्या जागी विकी आला. चोवीस वर्षांचा, जिमवाला, टीशर्टच्या बाह्या दंडावर फाटायला आलेल्या. पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर टेन्शन नका घेऊ, अपुन है ना!"

त्याने शंभर गोळ्या झाडल्या. भोकं बाळारामपेक्षाही जास्त पसरली, दोन गोळ्या तर कागदाच्या बाहेरच गेल्या. "सर, ये तो वर भागती है!"

जीएमनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "याचं वय काय?"

"चोवीस, सर."

"मग?"

मी म्हणालो, "सर, याला अनुभव कमी पडतो."

जीएम गेले. स्नेहल कागदाची घडी घालत होती. घडी घालता घालताच म्हणाली, "सर, मग बरोबर वय कोणतं? एकदा ठरवून द्या, ड्रॉइंगवर टाकून देते."

मी तिला रागावलो. कशाबद्दल रागावलो ते आठवत नाही, फाइलिंगबद्दल असावं.

त्या आठवड्यात मी बटाचं मागचं टोक वर घेतलं, नळीच्या रेषेत. गाल टेकायची कडही उचलली, म्हणजे डोळा नेमाला लागेल. मागे रुंद, मऊ रबर. विकीने झाडलं, भोकं बशीत मावतील इतकी जवळ आली. नमुना पास झाला, सेक्शन वाचलं. नोटीस बोर्डावर माझा फोटो लागला, खाली 'नवकल्पना'. पॅकिंगमध्ये त्या बटांचे खोके भरताना बाळाराम भेटला, त्याने हात पुसून माझा हात हातात घेतला. "लय चांगला केलात साहेब. आता पोरांचे खांदे वाचतील."

मी म्हणालो, "थँक यू, बाळाराम."

थँक यू म्हणालो मी!

*

शेवटचा गेल्या महिन्यातला आहे.

विकी सोडून गेला आणि रेंजवर माणूस हवा होता. जीएम म्हणाले, "त्या बाळारामला घेता आलं असतं, पण तुमचा रिपोर्ट आहे ना वयाचा. तुम्ही लिहून द्या तो चुकीचा होता, मी उद्या घेतो."

मी दोन दिवस विचार केला. आणि एक युक्ती काढली. चूक झाली असं लिहायची गरजच काय? बाळारामच्या नावाने अर्ज टाइप केला. 'माझे डोळे तपासून घेतले असून ते ठीक आहेत, तरी माझ्या वयाचा सहानुभूतीने विचार करून मला एक संधी द्यावी, ही विनंती.' खाली त्याची सही, त्याखाली माझी शिफारस. म्हणजे त्याला जागा मिळते, आणि वर मी मोठ्या मनाचा ठरतो.

तो रजेवर होता, म्हणून रविवारी सकाळी चामटोलीला गेलो. घटस्थापना दोन दिवसांवर, घराघरांत सगळं धुणं काढलेलं. बाळारामच्या अंगणात दगडी ओट्यावर त्याची बायको, द्वारकावहिनी, गोधड्या धूत होत्या. बाळाराम दूध आणायला गेला होता.

"बसा साहेब. नायतर असा करा, हा टोक धरा जरा, एकटीला पिलवत नाय."

मी अर्ज खिशात नीट ठेवला आणि गोधडीचं टोक धरलं. आम्ही पिळून ती दोरीवर टाकली. वहिनींनी दुसरी गोधडी ओट्यावर घेतली आणि धोपटायला लागल्या. धप्, धप्. माझं लक्ष त्यांच्या हातातल्या धोपाटण्याकडे गेलं.

ते धोपाटणं नव्हतं. तो बट होता. लाकडाचा, हाताने कोरलेला, साबणाने पांढरा पडलेला. मागचं टोक वर, नळीच्या रेषेत. गाल टेकायची कड उचललेली. मागे रुंद टेकू, आणि त्यावर चार खिळ्यांची भोकं, एकात मरून रेक्झिनची चिंधी अडकलेली.

"वहिनी, हे कुठलं?"

"ह्यांनी केलेला. कंपनीत पॅकिंगला टाकला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बसले. आठ दिवस तासत होते परसात. मग पेपरात गुंडालून तुमच्याकडे घेऊन आलेले, तुमी कामात होतात म्हने. परत आनला. मी म्हटला, पडून र्‍हायल त्यापरास मना तरी दे."

मला तो दिवस आठवला. काचेतून बाळाराम दिसला होता, हातात पेपरात गुंडाळलेलं काहीतरी लांब. मला वाटलं रेंजसाठी गयावया करायला आलाय. मी स्टोअरच्या दाराने बाहेर पडलो होतो.

"लय बेस हाय," वहिनी म्हणाल्या. "आधीच्या धोपाटन्याने संध्याकाली हात उचलायचा नाय. ह्याने झटकाच बसत नाय. मारून बघा!"

त्यांनी तो माझ्या हातात दिला. काय करणार? मी मारला. पाणी उडून शर्टाच्या खिशापर्यंत आलं. हाताला काही म्हणजे काही लागलं नाही. मी पुन्हा मारला.

तेवढ्यात बाळाराम कोपऱ्यावरून आला. हातात दुधाची पिशवी. त्याने मला पाहिलं, माझ्या हातातला बट पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला. पिशवी ओट्यावर ठेवून तो घाईघाईने जवळ आला, हात जोडून.

"साहेब, ऐका. तुमचा ड्रॉइंग चोरून केला नाय मी हा. तुमचा पास व्हायच्या अगोदरचा हाय. पायजे तर हिला इचारा."